दर रविवारची गाडी आणि पोटातला नकार

पत्र पुण्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीचं आहे. शाळकरी मुलांच्या एक्स्चेंज कार्यक्रमातून ती मार्चअखेरीस जपानमधल्या ओकायामाला गेली आणि जानेवारीत परत येणार आहे. होस्ट घरात ओतोसान (वडील), ओकासान (आई) आणि पाचवीतला मुलगा आहे. ऐंशीच्या घरातल्या ओबाचान (आजी) गाडीने अर्ध्या तासावर राहतात. दर रविवारी हे कुटुंब तिला कुठेतरी फिरायला नेतं. सुरुवातीला कोराकुएन बाग, किल्ला, कुराशिकीचा जुना कालवा अशी ठिकाणं झाली. आता मात्र होम सेंटर (घरदुरुस्तीच्या सामानाचं दुकान), हायवेवरचा भाजीबाजार, धाकट्याची बेसबॉल मॅच असं चाललंय. 'मागच्या रविवारी तर चक्क त्यांच्या आजोबांच्या थडग्यावर नेलं,' असं ती लिहिते. तिच्या मते घरचे आता तिला कंटाळलेत. खर्च सगळा तेच करतात आणि तिला पर्स उघडू देत नाहीत, याचंही तिच्या मनावर दडपण आहे. टोकियोत राहणाऱ्या तिच्या बॅचच्या मुली शिबुया आणि डिस्नेलँडचे फोटो टाकतात. आता पुढच्या महिन्यात घरच्यांनी युबारा ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, एका रात्रीचा मुक्काम ठरवलाय. चारचौघींत कपडे काढून आंघोळ करायची कल्पनाच तिला सहन होत नाही, शिवाय ती शाकाहारी आहे. त्याऐवजी तिला दोन एक्स्चेंज मैत्रिणींबरोबर हिरोशिमाला जायचंय. पुण्याहून आई सांगते, 'नेतील तिथे जा, नाही म्हणू नकोस, त्यांना खर्चात पाडू नकोस.' निघायच्या दिवशी पोट दुखतंय असं सांगून सुटावं का, असा तिचा प्रश्न आहे.

प्रिय ओकायामाकर,

तुझ्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य ओन्सेनबद्दलचं नाही. तू जाता जाता लिहून गेलीस, 'ओकासान शुक्रवारी विचारतात रविवारी कुठे जाऊ या, आणि मी म्हणते कुठेही चालेल.' सहा महिने त्या बाई विचारतायत आणि सहा महिने त्यांना हेच उत्तर मिळतंय. आपल्याकडे हे उत्तर खपून जातं, कारण समोरची मावशी ते मनावर घेत नाही. ती पुन्हा विचारते, मग खोदून विचारते, शेवटी 'अगं लाजतेस काय' म्हणून तुझ्याकडून काढूनच घेते. ओकासान तसं करणार नाहीत. त्या तुझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करत असणार, पण तुझा चेहरा पुण्याचा आहे. गाडीत तू गप्प बसलीस तर आवडलं म्हणून गप्प आहेस, दमलीस म्हणून, की घरची आठवण येतेय म्हणून, हे त्यांना कळायचं कसं? मग माणूस अंदाजाने बेत आखतो. आणि अंदाजच करायचा तर परदेशी पाहुणीला ओन्सेन आवडेल हा जपानमधला सगळ्यात सरळ अंदाज आहे.

तेव्हा घरचे कंटाळलेत या तुझ्या निष्कर्षाकडे आधी बघू. तुझं गणित असं आहे की मोठं ठिकाण म्हणजे माया जास्त आणि लहान ठिकाण म्हणजे माया आटली. या गणितात पैसा आणि वेळ धरलेलाच नाही. ओकायामाहून टोकियोला शिंकानसेन बुलेट ट्रेनने तीन तासांच्या वर लागतात आणि एका बाजूचं तिकीट माणशी १७ हजार येनच्या पुढे जातं. धाकट्याचं अर्धं तिकीट धरलं तरी चौघांचा जाण्यायेण्याचा खर्च लाख येनच्या वर गेला. हॉटेल आणि डिस्नेलँड वेगळंच. बहुतेक शालेय एक्स्चेंज कार्यक्रमांत होस्ट कुटुंबाला मोबदला मिळत नाही, ते हौसेने मूल घरात घेतात. टोकियोतल्या तुझ्या मैत्रिणीला तिचं होस्ट कुटुंब शिबुयाला नेतं, कारण त्यांना ते लोकलने वीस मिनिटांवर असेल. तुझं कुटुंब तुला कोराकुएनला घेऊन गेलं ते याच न्यायाने. सिंहगड रोडवरच्या ज्या पु. ल. देशपांडे उद्यानात तू लहानपणी गेली असशील, ती बाग याच कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे आणि म्हणून तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात. मूळ बाग १७०० साली पुरी झाली आणि जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. टोकियोतल्या मैत्रिणीकडे ती नाही, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

होम सेंटरला मी फार अर्थ चिकटवणार नाही. ओतोसानना बागेतल्या नळाचा पाईप हवा असेल आणि तू घरात एकटी राहू नयेस म्हणून तुला बरोबर घेतलं असेल. रविवारी सामान आणणं सगळीकडे कंटाळवाणंच असतं. अशा वेळी 'आज मी घरी थांबते, अभ्यास आहे' हे सरळ सांगता येतं. जपानी शाळेत आठवडाभर परक्या भाषेत कान टवकारून बसल्यावर रविवारी आराम लागणारच. 'कोन्दो नो निचियोबी वा इए दे युक्कुरी शिताई देसु', येत्या रविवारी घरीच निवांत राहावंसं वाटतं, एवढं तुझ्या जपानीत नक्की बसतं. कुणी रागावणार नाही. उलट ओकासाननाही एक रविवार सुटल्यासारखं वाटलं तर मला नवल वाटणार नाही. त्याही दमत असतील, आणि दमणं म्हणजे तुला विटणं नव्हे.

थडग्याबद्दल मात्र तू जे लिहिलंस, ते मला तुझ्याशी नीट बोलायचंय. सप्टेंबरमध्ये दिवस आणि रात्र समान होतात त्या सुमाराला जपानमध्ये हिगानचा आठवडा असतो. त्यात लोक घरच्यांच्या थडग्यांवर जातात. दगडावरचं शेवाळं घासून काढतात, पळीने वरून पाणी घालतात, जुनी फुलं काढून ताजी ठेवतात, उदबत्ती लावतात आणि हात जोडतात. त्या दिवसांत घरात ओहागी होते. चिकट भाताचा गोळा आणि त्यावर लाल अझुकी डाळीचं गोड पुरण. तू पत्रात 'एक गोड चिकट लाडू' लिहिलंयस तो बहुधा हाच. आपल्याकडे पितृपक्षही याच सुमाराला येतो, आणि त्या पंधरवड्यात आपण परक्या माणसाला जेवायला बोलावतो का, याचा जरा विचार कर. किल्ला आणि कालवा बघायला ते तुला घेऊन गेले, कारण पाहुण्याला तेच दाखवतात. आजोबांसमोर पाहुण्याला उभं करत नाहीत. तुझ्या हातात पळी दिली होती का, हे तू लिहिलेलं नाहीस. दिली असेल, तर घरचे कंटाळलेत हा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

ओबाचानबद्दल तू 'त्यांचं बोलणं कळत नाही' एवढंच लिहिलंस. ते साहजिक आहे, ओकायामाची बोली पुस्तकातल्या जपानीपेक्षा बरीच वेगळी आहे. पण तुम्ही मार्चमध्ये पाहिलेला तो काळा किल्ला जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला होता आणि आत्ताचा मुख्य बुरूज १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलाय. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा ओबाचान तरुण असणार. पुढच्या भेटीत मोबाइलवर किल्ल्याचा फोटो काढून त्यांच्यापुढे धर आणि बघ काय होतं ते. धाकटा दुभाषी व्हायला बसलेलाच असतो. अशी मुलं परदेशी ताईला भाषा शिकवण्यात भलतीच खूश असतात.

आता ओन्सेन. तुझी भीती खोटी किंवा खुळी नाही. तिथे पोहण्याचा पोशाख घालून जात नाहीत. बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा असतो आणि दारावरच्या पडद्याच्या रंगावरून ओळखता येतो, बहुधा बायकांचा लाल आणि पुरुषांचा निळा. आत छोट्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचं, लांब केस वर बांधायचे आणि मगच कुंडात उतरायचं. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. कुणी कुणाकडे बघत नाही. आपल्या मुलींना पहिली पाच मिनिटं मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि नंतर गरम पाणी जिंकतं, असं बऱ्याच जणींकडून ऐकलंय. पण हे मी तुला पटवायला सांगत नाही. तुला नसेल उतरायचं तर नको उतरूस. तुझ्या अंगावर तुझा हक्क आहे आणि तो विमानतळावर जमा करून पुढे जायचं नसतं.

युबाराच्या बाबतीत एक गोष्ट आत्ताच विचारून घे. तिथलं सुनायु नावाचं प्रसिद्ध कुंड धरणाच्या पायथ्याशी नदीकाठी उघड्यावर आहे आणि तिथे स्त्री-पुरुष एकत्र उतरतात. घरचे बहुधा मुक्कामाच्या पारंपरिक जपानी निवासातल्या, म्हणजे र्‍योकानमधल्या, बायकांच्या वेगळ्या कुंडाबद्दलच बोलत असतील. तरी 'कोणतं कुंड?' हे विचारायची तुला लाज वाटायचं कारण नाही. मधले मार्गही बरेच आहेत. बऱ्याच ओन्सेन गावांत आशियु असतं, म्हणजे कपडे घालून काठावर बसायचं आणि नुसते पाय पाण्यात सोडायचे. काही र्‍योकानमध्ये छोटं कुंड तासाभरासाठी एकट्याने वापरायला मिळतं, त्याला काशिकिरी म्हणतात. काही ठिकाणी खोलीतच न्हाणीघर असतं. आणि पाळीच्या दिवसांत तर बायका कुंडात उतरतच नाहीत, 'आज नको' एवढं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

ते कारण म्हणून वापरू का, असं आता तुझ्या मनात आलं असेल. आणि पोटदुखीचं काय? नको. हे मी खोटं बोलू नये या बाळबोध नियमापोटी सांगत नाहीये. र्‍योकानचा हिशोब माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळचा नाश्ता धरलेला असतो. तारीख जवळ येईल तसा रद्द करण्याचा भुर्दंड वाढत जातो. निघायच्या दिवशी तू पोट धरून बसलीस तर ओकासान तुला एकटीला घरी सोडून जाणार नाहीत. चौघांचा मुक्काम बुडेल, पैसे जातील आणि तुला डॉक्टरकडे नेलं जाईल ते वेगळं. आईने बजावलंय ना, त्यांना खर्चात पाडू नकोस म्हणून? मग तीन आठवडे आधी सांगितलेल्या नकाराला पैसा पडत नाही आणि सकाळी सातला काढलेली पोटदुखी फार महाग पडते. शिवाय पाळीचं खोटं कारण एकदा चालेल, पण घरातल्या बाईला तारखा कळतात.

सांगायचं कुठे, हेही महत्त्वाचं आहे. जेवणाच्या टेबलावर धाकट्यासमोर नको आणि गाडीतही नको. ओकासान भांडी विसळत असतील तेव्हा शेजारी उभी राहून पुसायला घे. हात कामात असले की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, त्यामुळे तुलाही सोपं जाईल. 'ओन्सेन वा चोत्तो हाझुकाशी देसु. आशियु दाके देमो ई देसु का?' ओन्सेनची जरा लाज वाटते, नुसतं आशियु केलं तर चालेल का? बस. लांबलचक माफी नको, आमच्या संस्कृतीत असं नसतं वगैरे भाषण तर नकोच. बहुधा त्या म्हणतील, 'मुरी शिनाकुते ई यो,' बळेबळे काही करू नकोस. म्हणजे तू सहलीला जाशील, युकाता (सुती किमोनो) घालून फिरशील, नदीकाठी पाय शेकत बसशील आणि कुंडात उतरणार नाहीस. जायचं किंवा नाही जायचं, असे दोनच रस्ते तुला दिसत होते. बहुतेक वेळा असा तिसरा असतो.

पण चुकून कुणी, घरातलं किंवा बाहेरचं, हसण्यावारी नेऊन तुला ओढायलाच लागलं, किंवा कुठल्याही प्रसंगी तुझ्या पोटात वेगळाच गोळा आला, तर हे सगळे शिष्टाचार बाजूला ठेव आणि तुमच्या कार्यक्रमाच्या स्थानिक कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी कळव. जपानी रीत अशीच असेल, असं स्वतःला समजावत बसू नकोस. संकोच वाटणं आणि असुरक्षित वाटणं यातला फरक सोळाव्या वर्षी चांगला कळतो. शंका आलीच, तर असुरक्षित आहे असं धरून चाल.

त्याच भांड्यांपाशी खाण्याचंही सांगून टाक, कारण र्‍योकानचं रात्रीचं जेवण म्हणजे दहाबारा छोट्या वाट्या आणि त्यातल्या निम्म्याअधिकांत मासे. असं जेवण ऐन वेळी बदलून मिळत नाही, बुकिंग करतानाच सांगावं लागतं. नुसतं 'बेजितारियन' म्हटल्याने तिथे भागत नाही. मांस नाही म्हटलं तरी हॅमचे तुकडे येतात, मासे नाही म्हटलं तरी दाशी राहते. दाशी म्हणजे सुक्या माशांचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क. मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत ती सगळीकडे असते. सेतो ओहाशी पूल ओलांडून तुम्ही कागावाला उदोन खायला गेला होतात ना, तिथल्या रश्शात तर वाळवलेली छोटी मासळीच उकळलेली असते. तू तो रस्सा प्यालीस की नाही हे लिहिलं नाहीस आणि मी विचारतही नाही. दाशी चालेल की नाही, अंडं चालेल की नाही, ही रेघ तुझी तू मार. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. पण एकदा मारलीस की ओकासानना स्पष्ट शब्दांत सांग, चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावलीस तरी चालेल. दर रविवारी ताटात शोधाशोध आणि मग 'पोट भरलंय' हे बहाणे कुणालाच सुखाचे नाहीत. फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात काकडीचे कप्पा माकी, नात्तोचे (आंबवलेल्या सोयाबीनचे) रोल, एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा) आणि फ्राइज मिळतात, त्यावर वेळ निभते. अजून निघायची असलेली मुलं हे वाचत असतील तर त्यांनी ही रेघ अर्ज भरतानाच लिहावी, देश कुठलाही असो. त्या माहितीवरून तर घरं जुळवतात.

पैशांबाबत आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कॅश काउंटरवर बिलावरून झटापट हा आपला खेळ तिथे खेळू नकोस, त्याने ओतोसान फक्त अवघडतील. तुझ्या पॉकेटमनीतून स्वतःच्या वस्तू, मशीनमधली पेयं आणि मैत्रिणींबरोबरची तिकिटं घे. मोठ्या सहलीचा तुझा वाटा कुणी भरायचा हे कोऑर्डिनेटरला विचार. ते विचारण्यात काही वावगं नाही, त्यांच्याकडे याचे नियम असतात. बाकी परतफेड वेगळ्या नाण्यात होते. हॉटेलातून बाहेर पडताना 'गोचिसोसामा देशिता' म्हणतेसच. दुसऱ्या दिवशी सकाळी टोस्ट खाताना 'किनो वा आरिगातो गोझाइमाशिता', कालचे आभार, हे पुन्हा म्हण. आपल्याला हे जास्तीचं वाटतं, तिथे ते नसलं तर जाणवतं. आणि पुढच्या मॅचला डबा तू कर. बटाट्याची पिवळी भाजी मोहरीची फोडणी घालून, किंवा आईने पाठवलेल्या पार्सलात पोहे असतील तर दडपे पोहे, हिरवी मिरची बेताने. पाचवीतल्या मुलाने नाक मुरडलं तरी ओतोसान खातील.

हिरोशिमाला जायची इच्छा अगदी रास्त आहे. शिंकानसेनने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. पण तीन परदेशी मुलींनी मोठ्या माणसाशिवाय जायला बहुतेक कार्यक्रमांत होस्ट कुटुंबाची आणि कोऑर्डिनेटरची, दोघांची परवानगी लागते. म्हणून तारीख, जायची-यायची गाडी आणि मैत्रिणींच्या घरचे फोन नंबर एका कागदावर लिहून मगच विचार. असा कागद बघून जपानी घरातलं मोठं माणूस निम्मं विरघळतं. मात्र ही सहल ओन्सेनच्या बदल्यात मागू नकोस. एक दिवस ओन्सेनबद्दल बोल, दुसऱ्या दिवशी हिरोशिमाबद्दल. एकत्र आणलंस तर तुमची सहल नको, मला माझ्या मैत्रिणी हव्यात, असं ऐकू जाईल, आणि तुला ते म्हणायचं नाहीये. तिथल्या स्मारक संग्रहालयात गेल्यावर संध्याकाळी मॉलमध्ये सेल्फी काढायची इच्छा राहत नाही, तेव्हा दिवसाचा दुसरा अर्धा भाग मोकळा ठेवा. जवळचं मियाजिमा बेटही त्याच दिवशी उरकू नका. आणि फोटोंचा विषय निघालाच आहे तर, धाकट्याचे फोटो इन्स्टावर टाकण्याआधी ओकासानना विचारतेस ना?

तुझ्या आईसाठी दोन ओळी. ताई, तुमचा सल्ला भिडेपोटी आणि काळजीपोटी आहे हे कळतं. पण 'नाही म्हणू नकोस' हे सोळा वर्षांच्या मुलीला परक्या घरात पाठवताना द्यायचं वाक्य नाही. तिला नम्रपणे नाही म्हणता येतं, याची खात्री तुम्हाला इथे बसून जास्त झोप देईल. ओकासानना एक छोटं पत्र तुम्हीही लिहा, मराठीतच लिहा, लेक वाचून समजावेल. त्यात आभार असू देतच, पण तिला काय आवडतं तेही असू दे. डोंगर चढायला आवडतो, गर्दी आवडत नाही, असं काहीतरी. त्या बाईंना सहा महिने हीच माहिती हवी आहे.

आणि येत्या शुक्रवारी ओकासाननी विचारलं की एक नाव घे. कुराशिकीचं ओहारा संग्रहालय म्हण, नाओशिमा बेट म्हण, नाहीतर ज्या भाजीबाजारावर तू नाराज आहेस तिथली पिओने द्राक्षं संपायच्या आत पुन्हा तिथेच म्हण. टोपलीवर शेतकऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, या खेपेला ते वाचून बघ. कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, येतातच आता तुला.